झापडवाले सर आणि थ्रेशरचा पत्रा

तुमच्या गावात उजव्या हाताची बोटं पुरी पाच नसलेली माणसं किती आहेत, हे तुम्ही कधी मोजलंय का?

मीही मोजलं नव्हतं. माझं गाव रिठदच्या बाजूला. वडील शेतमजुरांच्या संघटनेत होते, त्यामुळे घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. मजुरी, रेशन, घरकुल, जॉबकार्ड, सगळ्यांवर पत्रकं होती. बोटांवर एकही नव्हतं. मला मोजायला लावलं ते आमच्या सरांनी, आणि तेही अशा कामासाठी की ते ऐकून माझे वडील जेवता जेवता हसले होते.

सर वाशिमच्या एका कॉलेजात संगणक शिकवत. विद्यापीठानं त्यांना एक संशोधन प्रकल्प दिला होता आणि मी त्यावर सहायक म्हणून लागले होते. प्रकल्प होता आभासी वास्तवाचा. डोळ्यांवर एक डबा बांधायचा, त्याच्या आत पडदा असतो. मान वळवली की चित्रही वळतं. दोन मुठी हातात धरल्या की आत आपले हात दिसतात. थोड्या वेळात माणसाला वाटतं की आपण खोलीत नाही, त्या चित्रात उभे आहोत. सरांनी अर्जात विषय लिहिला होता, मळणीयंत्रावर काम करणाऱ्या मजुरांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये हात जातात, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच बहुतेक कोणी बोलत नाही.

सरांना 'आभासी वास्तव' हा शब्द मान्य नव्हता. "आभास म्हना नाई तं वास्तव म्हना," ते म्हणत, "दोन्ही एका ताटात कायले वाढता?" त्या डब्याला ते झापड म्हणत. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर बांधतात ती. खरेदीच्या कागदावरसुद्धा त्यांनी 'झापड, दोन नग' असं लिहिलं होतं आणि ऑफिसातून तो कागद परत आला होता. मी म्हटलं, सर, हेडसेट लिहा ना. ते म्हणाले, "बैलाले झापड बांधतेत ते घाना ओढवून घ्याले. आपन मानसाले बांधून राह्यलो. तं इमानदारीनं सांगाले पाह्यजे का झापड हाय."

मला ते कधी नावानं हाक मारत नसत. वडिलांबद्दल सांगितलं त्या दिवसापासून मी त्यांची 'पत्रक' झाले. "ओ पत्रक, चार्जर कुठं ठेवलं?"

प्रयोगशाळेत त्यांचे दोन नियम होते. पहिला, झापड घातलेल्या माणसाच्या मागं दुसरा माणूस उभा पाहिजे. त्यानं अंगाला हात लावायचा नाही, पण तो तिथून हलायचाही नाही. "त्याले काही दिसत नाई. तुले दिसते. मंग पडू देशीन तं दोष कोनाचा?" दुसरा, झापड काढल्यावर तीन गोष्टींना हात लावायचा. आधी टेबल, मग कोपऱ्यातला माठ आणि शेवटी स्वतःचा कान. सर समोर उभे राहून विचारत, "परत आली का?"

"आली."

"कुठं आली?"

"वाशिमले."

मगच चहा. मला हे पोरकट वाटायचं. एकदा मी कानाला हात न लावता निघाले, तर त्यांनी माझा चहा खिडकीवर ठेवून दिला आणि तो थंड होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या खिशात कायम एक सुतळी असे, ठरावीक अंतरावर गाठी मारलेली. टेप असताना सुतळी कशाला, असं विचारलं तर म्हणत, "टेप पाह्यला का मानसाले वाटते सायेब आला. सुतळी पाह्यली का तो सोता दुसरं टोक धरते." हे मात्र खरं होतं. मी कितीतरी अंगणांत ते पाहिलं.

पण सुतळी बाहेर निघाली ती नंतर. आधी आम्ही चूक केली.

आत दाखवायचं थ्रेशर आम्ही एका दुकानात उभ्या असलेल्या नव्या कोऱ्या मशीनवरून बनवलं होतं. सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मापं घेतली आणि चार महिने खपून हुबेहूब मशीन उभं केलं. त्यात आवाज माझा होता. मी शुद्ध मराठीत वाचलं होतं, "सावधान. हात यंत्राच्या तोंडापासून दूर ठेवा. घाई करू नका." वाचताना मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, हे बोलणारं पत्रक आहे.

शेलूबाजारच्या पलीकडं एका गावातल्या समाजमंदिरात आम्ही पहिली चाचणी ठेवली. थ्रेशरवर काम करणाऱ्या बायांची टोळी आली होती. टोळीच्या पुढारी कमलाबाई. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढीच बोटं होती. मधली तीन दोन हंगामांपूर्वी गेली. त्यांनीच पहिल्यांदा झापड घातली. सर मागं उभे राहिले. कमलाबाईंनी मान इकडंतिकडं वळवली आणि विचारलं, "हे मशीन कोनाचं हाय?"

"थ्रेशरच आहे, काकू," मी म्हटलं. "तुमच्याकडे येतं तसंच."

"आमच्या इकडं असं येत नाई. याच्या तोंडावर पत्रा हाय."

मागच्या बाया हसल्या. एकीनं झापड मागून घेतली, आत बघितलं आणि म्हणाली, "हे तं दुकानातलं हाय, माय. याले अजून पूजेची हयद लागेल हाय."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. मशीन विकत घेताना त्याच्या तोंडावर पत्र्याचं झाकण असतं. हात आतल्या दात्यांपर्यंत पोचू नये, इतकं ते लांब असतं. पण त्या झाकणातून पीक थोडं थोडं सारावं लागतं. झाकण कापून टाकलं की सुडीवरून, म्हणजे कापलेल्या पिकाच्या ढिगावरून, कवळाभर उचलून एकदम लोटता येतं, मळणी लवकर उरकते, मशीन दुसऱ्या शेतात जातं. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधीच पत्रा कापतात. सगळेच कापतात. आम्ही चार महिने बसून जे मशीन बनवलं, ते त्या बायांनी उभ्या जन्मात चालताना पाहिलं नव्हतं.

कमलाबाई माझ्याकडं वळल्या. "त्याच्यात तूच बोलून राह्यली का?"

"हो."

"मी हात दूर ठेवला असता तं ढीग आत कोनं लोटला असता? तू?"

कमलाबाईंनी आपला उजवा हात माझ्यापुढं धरला.

"हात मागं कवा घ्याचा हे मले बारा वर्सापासून मालूम हाय, बाई. मशीनचा आवाज जड झाला का कळते. पन मागून ट्रॅक्टरवाला टाक, टाक करते. आमाले सारं मालूम हाय. पत्रा आमी कापला का? ज्यानं कापला त्याच्या डोयाले बांधा ना हे."

दारात एक तरुण बाई उभी होती. ती इतरांसारखी हसली नव्हती. कमलाबाईंनी तिच्याकडं मान हलवून सांगितलं, "ही सविता, माही सून. माह्या जागेवर आता हे उभी राह्यते."

सरांनी विचारलं, "कोनाच्या मशीनवर?"

"गजूभाऊच्याच. दुसरं कोनतं येते आमच्या इकडं?"

ज्या मशीननं सासूची बोटं घेतली, त्याच मशीनच्या तोंडाशी, त्याच जागेवर आता सून. सरांनी झापड पिशवीत भरली. स्कूटरवर आम्ही परत निघालो. वाटेत जीपा उभ्या राहतात तिथं सर थांबले आणि म्हणाले, "पत्रक, आपली चूक झाली."

"मशीन पुन्हा बनवू, सर."

"मशीनचं होईन. मी मानसाचं म्हनून राह्यलो. आपन चुकीच्या मानसाले शिकवाले गेलतो."

दुसऱ्या दिवशी सर उजव्या हाताची मधली तीन बोटं चिकटपट्टीनं तळहाताला बांधून आले आणि महिनाभर तसेच येत राहिले. फळ्यावर ते तशाच हातानं लिहीत आणि मुलं मागच्या बाकांवर हसत. शिपायानं विचारलं, "सर, हाताले काय झालं?" ते म्हणाले, "काही नाई. पाहून राह्यलो." शर्टाची बटणं उलटसुलट लागू लागली. हजेरीपटावर त्यांची सही ओळखू येईना. एक दिवस त्यांच्या हातून चहाचा कप सुटला, टेबलावर चहा सांडला, आणि कागद उचलायच्या आधी सर मला म्हणाले, "हेच दाखवू. मशीन बंद झाल्यावर समोर कप ठेवजो."

माझा बेत वेगळा होता. मला रक्त दाखवायचं होतं. बघणाऱ्याची झोप उडाली पाहिजे, असं मला वाटत होतं. सरांनी ठाम नकार दिला. "रक्त पाह्यलं का मानूस डोये मिटते. कप पाहून कोनी मिटत नाई."

मग सुतळी निघाली. आम्ही अंगणाअंगणांतून उभी थ्रेशर मोजत फिरलो, आणि सरांच्या सांगण्यावरून मी बोटं गमावलेली माणसंही मोजली. मालक सुतळीचं दुसरं टोक धरत आणि माप सांगत. तोंडावरच्या पत्र्याच्या जागी प्रत्येक मशीनला कापलेली काळी कड होती. गजूभाऊंनीही टोक धरलं. माणूस मनमोकळा. त्यांनीच कमलाबाईंना दवाखान्यात नेलं होतं, टाके पडेपर्यंत बाहेर बसून होते. "कमलाबाई घाई लय करे," ते मला हळहळून म्हणाले. त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं.

मला मात्र राग आवरला नाही. मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'बोटं कुणी खाल्ली?' त्यात गजूभाऊंचं नाव, गावाचं नाव, सगळं होतं. प्रती काढून गठ्ठा सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं लिवलं. वाटू नको."

"का? खोटं आहे का?"

"खरं हाय. पन आज त्याले चौकात उभा करशीन, तं उद्या तो झापड घालन का?"

"म्हणजे आपण मालकांची मनं सांभाळायची?"

"मन सांभाय म्हनलं नाई मी. सविता कोनाच्या मशीनवर उभी राह्यते? त्याच्याच ना? मंग मले तो मानूस अठी, या खुर्चीत पाह्यजे." त्यांनी गठ्ठा खणात टाकला. "पाव्हना आला नाई, तं मी सोता वाटतो."

 आजही मला वाटतं की आम्ही दोघंही बरोबर होतो. फक्त हंगाम जवळ आला होता आणि दोन्ही करायला वेळ नव्हता.

त्याच सुमारास विद्यापीठाची समिती प्रकल्प बघायला आली. तीन जण होते. सरांनी प्रयोगशाळेत सोयाबीनच्या कुटाराचं, म्हणजे मळणीच्या भुशाचं, पोतं उघडून ठेवलं होतं, कारण कुटाराच्या धुळीशिवाय थ्रेशर खरं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. झापड बांधली जाण्याआधीच तिघंही शिंकू लागले. अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावून विचारलं, "मूळ उद्दिष्ट मजुरांच्या प्रशिक्षणाचं होतं. तुम्ही हे मालकांसाठी का करताय?"

सर समितीपुढं पुस्तकी मराठी बोलत. "कारण शिकायचं त्यांना बाकी आहे."

दुसऱ्या सदस्यांनी सुचवलं की याच तंत्रातून एखाद्या देवस्थानाचं दर्शन घडवा, लोक रांगा लावतील. सरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि झापड काढलेल्या तिघांनाही टेबलाला, माठाला आणि कानाला हात लावायला सांगितलं. दोघांनी लावला. अध्यक्षांनी कानाला लावला नाही. त्यांना चहा मिळाला, पण तो खिडकीवर.

अहवालात निष्कर्षाच्या जागी सरांनी एकच वाक्य लिहिलं. 'मजुरांना प्रशिक्षणाची गरज आढळली नाही, मशीनला पत्र्याची गरज आढळली.' मी विनवलं की सर, यानं मुदतवाढ मिळणार नाही, माझा शोधनिबंधही जाईल, निदान अर्धं वाक्य बदला. त्यांनी विचारलं, "कोनतं अर्धं खोटं हाय?" मुदतवाढ मिळाली नाही.

त्यानंतर आठवड्यानं गजूभाऊ आले. "सिनेमा दाखवता म्हने," म्हणत खुर्चीत बसले. मी झापड बांधली, सर मागं उभे राहिले. आत त्यांचंच मशीन होतं. आवाजही त्यांच्याच मशीनचा, आम्ही टिपून आणलेला. गजूभाऊ हसले. "माह्याच मशीनचा आवाज हाय हा." मग त्यांच्याच ड्रायव्हरचा आवाज आला, टाक, टाक, टाक. त्यांनी कवळा उचलून लोटायला सुरुवात केली. एक, दोन, चार. मशीनचा आवाज जड झाला. ड्रायव्हर ओरडतच होता. त्यांनी पुन्हा लोटलं.

आवाज एकदम थांबला. रक्त नाही, किंचाळी नाही. समोर फक्त एक ओटा आणि त्यावर चहाचा कप. गजूभाऊंनी उजवा हात पुढं केला. त्या हाताला अंगठा आणि करंगळी होती. त्यांनी तीनदा कप धरायचा प्रयत्न केला आणि तीनदा कप जागचा हलला नाही.

"कमलाबाईचा हात हाय हा," ते झापडीच्या आतूनच म्हणाले.

सरांनी झापड काढली. एवढंच म्हणाले, "टेबलाले हात लावा." गजूभाऊंनी लावला. माठाला लावला. मग कानाला एकेक बोट लावलं, पाचही, सावकाश. मी दिलेला चहा त्यांनी आधी डाव्या हातात घेतला, मग उजव्यात. अर्ध्यावर थांबून म्हणाले, "घाई लय करे म्हनत होतो मी तिले." आणि उठून गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचं मशीन वेल्डिंगच्या दुकानापुढं उभं होतं. सर आणि मी पोचलो. आमच्याकडं आणखी एक करामत होती. फोन मशीनसमोर धरला की पडद्यावर मशीन दिसायचं आणि नसलेला पत्रा त्याच्या जागेवर बसलेला दिसायचा. वेल्डरनं फोन हातात घेऊन चारी बाजूंनी बघितलं. "फोटू चांगला हाय, सर. माप देता का?" सरांनी खिशातून सुतळी काढून दिली. संध्याकाळपर्यंत पत्रा बसला. सविता दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन त्यात हात घालून गेली. दात्यांपर्यंत हात पोचत नव्हता. ती सरांना म्हणाली, "बरं हाय." तेवढंच.

इथं ही गोष्ट संपली असती तर मला लिहायचं कारण नव्हतं.

हंगामाच्या मध्यावर गजूभाऊंचा फोन आला. "सर, मले कोनी बलावून नाई राह्यलं. लोकं म्हनतेत, गजूची मशीन मंद झाली." सर दुसऱ्याच दिवशी घड्याळ घेऊन बांधावर जाऊन बसले. एक सुडी पत्रा असलेल्या मशीनवर आणि तेवढीच दुसरी शेजारच्या शेतात, पत्रा नसलेल्या मशीनवर. परत आल्यावर मी विचारलं, किती फरक? सरांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "चहा पिऊन होते तेवढा."

तो हंगाम गजूभाऊंनी कसाबसा काढला, पण पत्रा काढला नाही. यंदा मात्र त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलंय, "पह्यल्या आठ दिवसांत बलावनं नाई आलं तं मी कापीन, सर. मलेही घर हाय." सरांनी त्यांना दोष दिला नाही. मीही देत नाही.

प्रकल्प बंद झाला. दोन्ही झापडी कॉलेजच्या कपाटात आहेत आणि किल्ली ऑफिसात. सर आता पहिल्या वर्षाला शिकवतात. तास संपला की मुलांना बाकाला हात लावून बाहेर जायला सांगतात, असं ऐकलं. माझं काम सुटलं. मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी खण उघडून माझा तो गठ्ठा काढला. "पाव्हना आलता, म्हनून मी वाटलं नाई," ते म्हणाले. "आता नाव बदल आन तू वाट."

मी विचारलं, कुणाचं नाव टाकू? सर म्हणाले, "मशीन कोन बलावते?"

शेत तुमचं, मशीन तुम्ही बोलावता. म्हणून हे लिहिलं.

यंदा सोयाबीन सोंगून सुडी लागली की थ्रेशरवाल्याला फोन कराल, तेव्हा भाव विचारायच्या आधी विचारा, तोंडावर पत्रा आहे का? नाही म्हणाला तर फोन ठेवा आणि दुसऱ्याला लावा. आहे म्हणाला तर त्यालाच बोलवा, आणि मशीन शेतात आल्यावर पत्रा डोळ्यांनी बघितल्याशिवाय चालू करू देऊ नका. थोडा वेळ जास्त लागेल. तेवढ्या वेळात चहा ठेवा आणि मशीनच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईलाही कप द्या. तो कप ती कशी धरते, ते बघा.